म्बिरा शिकायचाय? मग आधी अर्धंच वाजवायला शिका

सतरा पट्ट्यांचा कलिंबा आता ऑनलाइन दुकानांतून सहज मिळतो. छोटी लाकडी पेटी, वर लोखंडी पट्ट्या, सोबत एक इवलीशी हातोडी आणि स्वरांची नावं लिहिलेले स्टिकर. दोन-चार ओळखीच्या चाली अंगठ्यांनी जमतात, आठवडाभर कौतुक होतं आणि मग ती पेटी शोकेसमध्ये जाऊन बसते. माझीही बसली होती. पुढे एकदा झिंबाब्वेतल्या दोन वादकांचं रेकॉर्डिंग कानावर पडलं आणि मी चक्रावले. वाद्य साधारण त्याच जातीचं, म्बिरा नावाचं, पण चाल कुठे सुरू होते आणि कुठे संपते तेच कळेना. वाजवणारे दोघे, ऐकू येत होत्या चार-पाच चाली.

त्या शोकेसपासून त्या रेकॉर्डिंगपर्यंत जायचं असेल तर काय करावं, ते मी इथे लिहिते आहे. मी काही उस्ताद नाही. मात्र सुरुवातीला ज्या चुका केल्या त्या सगळ्या लक्षात आहेत, आणि नवशिक्याला त्याचाच जास्त उपयोग होतो.

आधी नावं आणि उच्चार

लाकडी फळीवर लोखंडी पट्ट्या बसवून त्या अंगठ्यांनी छेडायच्या, अशी वाद्यं आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला पुष्कळ ठिकाणी आहेत. प्रदेशागणिक नाव वेगळं: म्बिरा, सान्सी, लिकेंबे, कारिंबा. आपल्याकडे पोचलेला कलिंबा हा त्यांतला अगदी अलीकडचा. ह्यू ट्रेसी हे इंग्लंडात जन्मलेले आणि आफ्रिकेत स्थायिक झालेले संगीत-संग्राहक. त्यांनी १९५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी संगीताचं ग्रंथालय उभं केलं. त्याच दशकात त्यांनी या वाद्यांवरून पाश्चात्त्य स्वरांत लावलेलं एक वाद्य तयार करून विकायला काढलं आणि त्याला 'कलिंबा' नाव दिलं. हल्लीचे स्वस्त सतरापट्टी कलिंबे हे त्याचे चुलत-नातू. म्हणजे ते खोटं वाद्य नव्हे, पण त्याच्यावरून म्बिरा कळला असं समजू नये.

झिंबाब्वेच्या शोना लोकांकडे नवशिक्याची गाठ दोन वाद्यांशी पडते. एक न्युंगा न्युंगा: पंधरा पट्ट्यांचा, आकाराने लहान, शाळा-कॉलेजांतून शिकवला जाणारा. दुसरा 'म्बिरा जावाजिमू', म्हणजे पूर्वजांचा म्बिरा. त्याला साधारण २२ ते २८ पट्ट्या असतात, फळी जाड आणि जड असते, आणि पूर्वजांना बोलावण्याच्या विधीत तो वाजतो.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. 'जावाजिमू'मधले दोन्ही ज 'जाळं'मधल्या ज-सारखे, 'जीव'मधल्यासारखे नव्हेत. 'म्होंदोरो' (थोर राजपूर्वजांचे आत्मे) म्हणताना 'म्हैस'मधला म्ह जसाच्या तसा चालतो, आणि 'न्हेमामुसासा' या चालीच्या नावात 'न्हाणी'तला न्ह. इंग्रजी पुस्तकांना हे उच्चार समजावायला परिच्छेदच्या परिच्छेद खर्चावे लागतात. 'म्बिरा' म्हणताना मात्र आधी 'अ' किंवा 'इ' लावू नका. ओठ मिटूनच सुरुवात करायची.

या वाद्याबद्दलच्या जुन्या लेखी नोंदींपैकी एक जोआंव दुस सांतुस या पोर्तुगीज डोमिनिकन पाद्र्याची आहे. तो १५८६ मध्ये पूर्व आफ्रिकेत आला. त्याने 'अंबिरा' नावाचं नऊ लोखंडी पट्ट्यांचं वाद्य पाहिलं आणि वाजवणारे त्यासाठी अंगठ्यांची नखं वाढवतात हेही टिपून ठेवलं. त्याचं पुस्तक १६०९ मध्ये छापलं गेलं आणि १६२२ मध्ये तो वारला, तो आपल्या गोव्यात. ओळखीतला कोणी 'हे काय नवीन खूळ' म्हणाला तर चारशे वर्षांपूर्वीचा हा दाखला उपयोगी पडतो.

पहिली पायरी: पंधरा दिवस हात लावू नका

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती आणि नंतर चार महिने मागे येऊन भरून काढली.

आपला कान चाल शोधतो, मुखडा शोधतो, सम शोधतो. शोना म्बिरात चक्र असतं. बहुतेक पारंपरिक चालींचं एक आवर्तन ४८ सूक्ष्म ठोक्यांचं, बारा-बाराच्या चार ओळींचं. ते फिरत राहतं आणि त्याला ठरलेलं तोंड नसतं. वादक त्यात कुठूनही शिरतो. सम शोधत बसलात तर डोकं दुखेल.

म्हणून ऐकताना क्रम असा ठेवा. पहिले चार-पाच दिवस फक्त होशोकडे लक्ष. होशो म्हणजे भोपळ्याच्या खुळखुळ्यांची जोडी. म्बिरासोबत ती जवळपास असतेच. तिच्या ठोक्यावर पाय टाकता आला पाहिजे. पाय बसला की कान खर्जाच्या पट्ट्यांकडे न्या. डाव्या हाताच्या त्या जाड, लांब पट्ट्या 'घुम्म' करत एक वेगळीच चाल चालवत असतात. शेवटी वरचे बारीक स्वर. एवढं झालं की एक दिवस अशी चाल ऐकू येईल, जी दोघांपैकी कोणीच वाजवत नाहीये. एकाचा एक स्वर, दुसऱ्याचा दुसरा, यांच्या गुंफणीतून ती कानात तयार होते. शेजारी बसलेल्याला तीच चाल ऐकू येईल असंही नाही. म्बिराचं सुख निम्मं तिथे आहे. गाणारे याच आतल्या चालींतली एखादी उचलून गातात, कधी अर्थ नसलेल्या खर्जातल्या अक्षरांनी, कधी वर फेकलेल्या हुरो नावाच्या उंच आवाजात.

कोणाचं ऐकावं? एफात मुजुरू यांचं वादन स्वच्छ आणि उलगडून दाखवणारं आहे, सुरुवात तिथून करा. मग स्टेला चिवेशे. १९४६ मध्ये जन्मलेल्या या बाई १९६० च्या दशकात शिकायला निघाल्या, तेव्हा बाईमाणसाला म्बिरा शिकवायला कोणी राजी होईना. शेवटी घरातल्याच एका आजोबांनी शिकवलं. २०२३ च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांच्या वादनातला जोर ऐकला की 'नाजूक वाद्य' हा कलिंबाने करून दिलेला गैरसमज पार मोडतो. चिवोनिसो माराइरे यांनी म्बिरा आणि आजची गाणी यांची सांगड घातली; त्या २०१३ मध्ये अकालीच गेल्या. आणि थॉमस मापफुमो ऐकाच. त्यांच्या बँडमधल्या इलेक्ट्रिक गिटारी म्बिराच्या पट्ट्यांसारख्या, तारा दाबून आवाज खुंटवत वाजतात. १९७० च्या दशकात त्यांच्या गाण्यांना 'चिमुरेंगा', म्हणजे लढ्याचं संगीत, असं नाव पडलं आणि गोऱ्या राजवटीने त्यांना तुरुंगही दाखवला.

दुसरी पायरी: धरायचं कसं

कलिंबा आपण मोबाइलसारखा धरतो आणि दोन अंगठे चालवतो. म्बिरा जावाजिमूची पकड वेगळी आहे आणि ती पहिल्यापासून नीट लावून घ्यावी. फळीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक भोक असतं. उजव्या हाताची करंगळी त्यात समोरून घालायची, म्हणजे फळी तोलली जाते. उजव्या बाजूच्या आतल्या पट्ट्या अंगठा खाली दाबून छेडतो. बाहेरच्या पट्ट्या तर्जनी खालून वर उचलून छेडते. डाव्या बाजूला पट्ट्यांच्या दोन रांगा, वरची आणि खालची. दोन्ही एकट्या डाव्या अंगठ्याच्या वाट्याला. बाकीची बोटं फळीला धरून राहतात.

तर्जनीची ती उलटी चाल पहिल्या महिन्यात छळते. पट्टी खालून उचलायची म्हणजे नखाची कड लागते. नख फार वाढवलंत तर अडकतं, कापलंत तर मांस सोलतं. एखाद-दोन मिलिमीटर ठेवा. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरे. अंगठ्याला फोड आला तर सुई लावू नका, दोन दिवस नुसतं ऐका.

न्युंगा न्युंगा सोपा आहे. दोन अंगठे आणि उजवी तर्जनी, पट्ट्या कमी, वजन कमी. नवशिक्याने सुरुवात त्याच्यावर करावी असं माझं स्पष्ट मत आहे. बुलावायोच्या क्वानोंगोमा संगीत महाविद्यालयात १९६० च्या दशकात तो शिकवला जाऊ लागला. तिथे तयार झालेले दुमिसानी माराइरे १९६८ मध्ये अमेरिकेत सिअॅटलच्या विद्यापीठात शिकवायला गेले आणि त्यांच्यामुळे हे संगीत तिकडे रुजलं. चिवोनिसो या त्यांच्याच कन्या. दुमिसानींनी पट्ट्यांना १ ते १५ असे आकडे देऊन लिहायची पद्धत बसवली, ती आजही नवशिक्यांना दिली जाते. अर्थात आकड्यांचा कागद स्वयंपाकाच्या वहीसारखा असतो. त्यात कृती मिळते, चव तुमची तुम्हाला लावावी लागते.

तिसरी पायरी: घरच्या कलिंबावरच एक चक्र

म्बिरा हातात यायला वेळ लागेल. तोवर शोकेसमधला कलिंबा काढा. त्याच्यावर शोना चालींच्या मुळाशी असलेला एक साचा बसवता येतो.

मधली सर्वांत लांब पट्टी सा धरा. तिच्या डावीकडे क्रमाने रे, म, ध. उजवीकडे क्रमाने ग, प, नी. आता हे बारा स्वर म्हणून पाहा:

सा ग प
सा ग ध
सा म ध
रे म ध

म्हणताना लक्षात येईल की प्रत्येक ओळीत फक्त एक स्वर बदलतो, आणि प्रत्येक वेळी तो एकच पायरी वर सरकतो. प चा ध झाला, मग ग चा म, मग सा चा रे. चौथ्या ओळीनंतर पुन्हा पहिली. न्यामारोपा (म्बिराची एक स्वरयोजना) घराण्यातल्या कित्येक चाली ढोबळमानाने याच बारा पायऱ्यांवर उभ्या आहेत. फक्त प्रत्येक चाल आत वेगळ्या ठिकाणी शिरते आणि वेगळे स्वर पुढे आणते. कलिंबावर एक गंमतही दिसते. पहिली ओळ मधून उजवीकडे जाते, शेवटची पूर्ण डावीकडे. बोटांना साचा डोळ्यांआधी कळतो.

आता त्यात लय घालू. प्रत्येक स्वराला चार ठोके द्या: खालचा, वरच्या सप्तकातला तोच, पुन्हा खालचा, पुन्हा वरचा. या कलिंबावर वरच्या सप्तकातला स्वर बहुधा समोरच्या हाताला येतो, त्यामुळे अंगठे आलटून-पालटून चालतात. तीन स्वर गुणिले चार ठोके, म्हणजे ओळीला बारा. चार ओळी झाल्या की अठ्ठेचाळीस. म्बिराच्या आवर्तनाचं माप हेच.

इथवर सोपं आहे. आता पाय घ्या. पाय दर चौथ्या ठोक्याला पडू पाहील, कारण स्वर तिथे बदलतो. त्याला पडू देऊ नका. पाय दर तिसऱ्या ठोक्याला पडला पाहिजे: १, ४, ७, १०. स्वर बदलतात १, ५, ९ ला. म्हणजे हातात तीन आणि पायात चार, आणि दोघं भेटतात फक्त ओळीच्या पहिल्या ठोक्यावर. तबल्याशी ओळख असलेले इथे 'अरे, ही तर आडलय' म्हणतील. म्हणोत. फरक एवढाच की आपल्याकडे आड करून पुन्हा मूळ लयीत परतायचं असतं. इथे दोन्ही लयी घरच्याच आहेत, परतायचं कोणालाच नसतं.

मला हे जमायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी पोळ्या लाटताना पाय आपोआप बरोबर पडायला लागला. वाद्य हातात नसताना हा साचा अंगात घोळू लागला की समजा बसला.

एक सावधगिरी. ही म्बिराची चाल नव्हे, तिचा सांगाडा आहे. खऱ्या न्यामारोपाचे स्वर कलिंबाच्या स्वरांशी जुळत नाहीत. तो साधारण आपल्या खमाज थाटाच्या दिशेला जातो, पण स्वरांमधली अंतरं प्रत्येक कारागिराची आपापली असतात. म्हणून म्बिरा हातात आला की कृपा करून मोबाइलवरच्या ट्यूनर अॅपने तो 'दुरुस्त' करू नका. मी केला होता. चार पट्ट्या ठोकून सरळ केल्या आणि वाद्य मुकं झालं. आवाज येत होता, पण ते बोलेना. शिकवणाऱ्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर ऐकलं, थोडा वेळ गप्प राहिले आणि मग खो खो हसले.

चौथी पायरी: ती खरखर काढून टाकू नका

म्बिराच्या फळीवर एक धातूची पट्टी असते, तिच्यावर सैल बसवलेली बाटल्यांची झाकणं किंवा शिंपले. पूर्वी गोगलगायींचे शंख असत. यांना माचाचारा म्हणतात. स्वर वाजला की ती थरथरतात आणि सुरावर एक खरखर पसरते. नवीन माणसाला वाटतं वाद्य खराब आहे. काही जण तर झाकणांखाली कापूस कोंबतात!

ज्याच्या घरी तंबोरा आहे त्याला हे समजायला अडचण नसावी. जवारी लावली नाही तर तंबोरा बोथट वाजतो. सुताचा धागा घोडीवर सरकवून आपण जी झणकार शोधतो, ती काय निराळी आहे? माझ्या मिरजेच्या तंबोऱ्याशेजारी म्बिरा ठेवल्यापासून दोघांचं बरं जमतं. दोघांनाही भोपळा लागतो, हे आणखी एक नातं. म्बिरा 'देझे' नावाच्या मोठ्या, अर्ध्या कापलेल्या भोपळ्याच्या आत काठीने अडकवून वाजवतात. त्याच्या काठालाही झाकणांची माळ असते. देझेशिवाय म्बिरा वाजवणाऱ्यालाच काय तो ऐकू येतो. खरा भोपळा फुटतो म्हणून हल्ली फायबरचे देझे मिळतात. घरी सरावाला मी स्टीलचं मोठं पातेलं वापरते. आवाज जरा कडक येतो, पण काम भागतं.

पाचवी पायरी: होशो

वाद्य शिकायला आलेल्याला खुळखुळा हाती देणं हा अपमान वाटू शकतो. उलट, होशो कच्चा असला की सगळी मैफल कोसळते. जाणकार वादक होशो वाजवणाऱ्याला आधी निवडतात.

एका पायाच्या ठोक्यात होशोचे तीन ठोके बसतात, आणि आतल्या बिया एकगठ्ठा भिंतीवर आपटल्या पाहिजेत. 'छक्' यायला हवं, 'छर्रर्र' नको. युक्ती मनगटात आहे: हात खाली आणायचा आणि ऐन वेळी थांबवायचा, चिखल झटकल्यासारखा. भोपळ्यात घालतात त्या 'होता' बिया, म्हणजे कर्दळीच्या. होय, आपल्या परसातली तीच कर्दळ, तिचे काळे गोल टणक दाणे. मी दोन छोट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत कर्दळीचे दाणे भरून सरावाचा होशो केला आहे. तांदूळ घालून पाहिले होते, त्यांचा आवाज फार मऊ येतो.

सहावी पायरी: आपलं अर्धं, दुसऱ्याचं अर्धं

प्रत्येक चालीला दोन भाग असतात. कुशाउरा म्हणजे पुढे चालणारा, चाल उभी करणारा. कुत्सिन्हिरा म्हणजे त्याच्या मागे येऊन मधल्या फटी भरणारा. पुष्कळ चालींत दुसरा वादक पहिल्यासारखंच काही तरी वाजवतो, पण एक सूक्ष्म ठोका उशिरा. त्यामुळे दोघांचे स्वर आलटून-पालटून पडतात आणि वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो. एकट्याने वाजवलेला कुशाउरा म्हणूनच कधी कधी अपुरा, जरा बाळबोध वाटतो. तो तसाच वाटायला हवा. एकट्यानेच सगळं भरून काढायच्या नादात नवशिके जास्तीचे स्वर घालतात आणि मग जोडीदाराला शिरायला जागाच उरत नाही.

पहिली चाल म्हणून बहुतेक गुरू 'कारिगामोम्बे' देतात. नावाचा अर्थ बैलाला लोळवणारा. ती दोन हातांत नीट बसली की 'न्हेमामुसासा': रानात तात्पुरता निवारा उभारायला फांद्या तोडणं. न्युंगा न्युंगावर सुरुवात करणाऱ्यांना बहुधा 'चेमुतेंगुरे' मिळते. तिचा विषय गोऱ्यांच्या काळात मालाची ने-आण करणारे बैलगाड्यांचे तांडे. शिकताना आधी कुशाउरा, तोही महिनाभर. मग गुरूचं किंवा स्वतःचंच रेकॉर्डिंग लावून त्यावर कुत्सिन्हिरा. पहिल्या काही दिवसांत तुम्ही नकळत घसरून रेकॉर्डिंगच्याच ठोक्यावर जाल. इलाज एकच: हातांकडे पाहायचं नाही, पायाला धरून राहायचं. आणि जमलं तर घरातल्या कोणाला तरी होशो द्या. माझ्याकडे हे काम नववीतल्या भाच्याकडे आहे. तो माझ्यापेक्षा पक्का आहे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

सातवी पायरी: हे कोणासाठी वाजतं ते माहीत असू द्या

शोना कुटुंबात आजारपण आलं, पाऊस लांबला, काही अडलं, की 'बिरा' घालतात. नाचणीची बिअर आठवडाभर आधीपासून तयार केली जाते. रात्रभर म्बिरा, होशो, टाळ्या आणि नाच चालतो. पूर्वजाला जिवंतपणी जी चाल आवडायची ती वाजली की तो आपल्या माध्यमाच्या, म्हणजे स्विकिरोच्या, अंगात येतो आणि घरच्यांशी बोलतो. जागरण-गोंधळाला रात्र काढलेल्या माणसाला यातलं बरंचसं न सांगता कळेल. वादकाने तिथे आपलं कसब दाखवायचं नसतं. पूर्वज येईपर्यंत चाल धरून ठेवायची, मग पहाट होवो.

यामुळेच मिशनऱ्यांना म्बिरा खुपला. धर्मांतरित घरांत तो सैतानाचं वाद्य ठरला आणि कित्येकांनी तो लपवला. १८९६-९७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लोकांना उभं करणाऱ्यांत स्विकिरो होते. नेहांदा या थोर आत्म्याची स्विकिरो चार्वे हिला १८९८ मध्ये फाशी दिली गेली. त्या उठावाला पहिला चिमुरेंगा म्हणतात. मापफुमोंच्या गाण्यांना तेच नाव का मिळालं, ते आता लक्षात येईल. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला. २०२० मध्ये युनेस्कोने झिंबाब्वे आणि मलावी या दोघांच्या नावे म्बिरा-सान्सी घडवण्याची आणि वाजवण्याची कला आपल्या वारसा-यादीत घेतली.

नवशिक्याने यातून दोन-तीन गोष्टी पाळाव्यात. 'ध्यानाचं संगीत' किंवा 'हीलिंग' म्हणून व्हिडिओ टाकू नका. चालीचं नाव आणि ती कोणाकडून घेतली ते सांगा. गुरूला नोव्हेंबरमध्ये विधीतल्या चालींबद्दल काही विचारायचं झालं तर जपून विचारा. शोना पंचांगात तो 'म्बुद्झी' महिना. त्यात बिरा घालत नाहीत, लग्नं लावत नाहीत. आपल्याला हे नवं नाही, पौषात आपण तरी कुठे लग्नं काढतो?

गुरू शोधताना शक्यतो झिंबाब्वेतला किंवा तिथे शिकलेला शोधा. ऑनलाइन शिकवणारे आहेत, आणि आपली-त्यांची वेळ साडेतीन तासांच्याच फरकाची आहे, त्यामुळे आपल्या संध्याकाळी त्यांची दुपार सापडते. फी वेळेवर द्या. घासाघीस करू नका.

वाद्य घेताना, आणि घेतल्यावर

विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, स्वरयोजनेचा विचारा. न्यामारोपा की गांदांगा? गांदांगालाच मावेंबे म्हणतात. पहिलं वाद्य न्यामारोपाचं घ्या, कारण शिकवण्याचं बहुतेक साहित्य त्यात आहे. पुढेमागे जोडी वाजवायची असेल तर दोन्ही वाद्यं एकाच कारागिराकडून, एकमेकांना जुळवून घ्या. वेगवेगळ्या हातचे दोन म्बिरा सहसा एकमेकांशी बोलत नाहीत.

फळी 'मुब्वामारोपा'ची असेल तर उत्तम. नावातलं 'रोपा' म्हणजे रक्त. झाडावर घाव घातला की लाल चीक येतो म्हणून. आपल्या सह्याद्रीतला बिवळा याच कुळातला, त्याचाही चीक तसाच लाल. पट्ट्या पूर्वी लोहार भट्टीत गाळलेल्या लोखंडातून ठोकून काढत. आता गाद्यांच्या स्प्रिंगा, जाड तार, असं जे पोलाद मिळेल ते ऐरणीवर चपटं करतात. त्यामुळे पट्ट्या एकसारख्या दिसत नाहीत, आणि तसंच असायला हवं. घेताना प्रत्येक पट्टी एकेकदा वाजवून पाहा, किंवा विकणाऱ्याला वाजवून दाखवायला सांगा. एखादी 'टक्' करून थांबत असेल तर ती पट्ट्या दाबून धरणाऱ्या दांडीखाली नीट आवळलेली नाही. स्वर उतरला असेल तर पट्टी किंचित आत ठोका, चढला असेल तर बाहेर ओढा. पट्टीचा मोकळा भाग जितका लांब, तितका स्वर खालचा. एका वेळी केसभरच सरकवा.

मुंबई-कोकणच्या पावसात पट्ट्यांना गंज चढणारच. वाजवून झालं की घाम कोरड्या सुती कापडाने पुसा. जून ते सप्टेंबर, आठवड्यातून एकदा कापडाला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब लावून पट्ट्यांवरून फिरवा. तेल लाकडात किंवा दांडीखाली जाऊ देऊ नका, पट्ट्या घसरू लागतात. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. नव्या बुटांच्या खोक्यातल्या फेकून देतो त्या चालतात. आणि म्बिरा शोकेसमध्ये ठेवू नका. दारामागच्या खुंटीवर पिशवीत टांगलेला असला की येता-जाता हातात येतो.